झुमो ५९५ मध्ये युरोपचा नकाशा आहे, लडाखच्या आधी भारताचा कसा चढवायचा?

गोदाकाठ_रायडर
नमस्कार मंडळी. माझा थोरला भाऊ जर्मनीत असतो, त्याने स्वतःसाठी नवीन मॉडेल घेतलं आणि जुना गार्मिन झुमो ५९५एलएम, म्हणजे बाइकच्या हँडलवर लावायचं रस्ता दाखवणारं जीपीएस यंत्र, मला पाठवून दिला. यंत्र एकदम टकाटक आहे, माउंट, वायर सगळं सोबत आलंय, माझ्या हिमालयन ४११ बाइकच्या हँडलवर बसवून पण झालं. पण चालू केलं की श्टुटगार्ट, झुरिक गल्लीबोळासकट दिसतं आणि नाशिक बघायला गेलं तर मुंबई-आग्रा रोडची एक जाड रेघ आणि आजूबाजूला सगळं कोरं, ना गंगापूर रोड ना पंचवटी. जूनच्या शेवटी मनालीमार्गे लेहला जायचंय, नाशिक, धुळे, इंदूर, कोटा, मग वर, असा विचार आहे. तेवढ्यात हे काम उरकायचंय.

आता शंका अशा की एलएम म्हणजे लाइफटाइम मॅप्स ना, मग त्यात भारताचा नकाशा मिळतो का वेगळा विकत घ्यावा लागतो? लोकांनीच मिळून भरलेले, फुकटचे ओपन स्ट्रीट मॅपवाले नकाशे टाकता येतात असं ऐकलंय, ते टाकल्याने यंत्राला काही होत नाही ना? लॅपटॉपला जोडलं तर नुसतं चार्जिंग होतं, लॅपटॉपला यंत्र दिसतच नाही, त्याचं काय करू? आणि शेवटचं म्हणजे भारतात असलं यंत्र बाळगायला परवानगी लागते का, कारण एअरपोर्टवर कुणाकुणाला गार्मिनमुळे अडवल्याच्या बातम्या वाचल्यात आणि घरचे त्यामुळे काळजीत आहेत. ज्यांनी स्वतः हे केलंय त्यांनी प्लीज सविस्तर लिहा.

गुहागर_किनारा
भावा एवढा खटाटोप कशाला, मोबाइल आहे की. गूगल मॅप्समध्ये डिसेंबर २०१७ पासून दुचाकीचा मोड आहे, आणि तो सगळ्यात आधी भारतातच आला. ऑफलाइन एरिया डाउनलोड करून ठेव, हँडलला होल्डर लाव आणि नीघ. मी अख्खं कोकण असंच फिरतो, सागरी मार्गाने पार वेंगुर्ल्यापर्यंत, कुठे अडलं नाही.

कात्रज_जुना_घाट
गुहागरवाले दादा, कोकणात चालतं हो, पण ते लडाखला चाललेत. बाहेरच्या राज्यातली प्रीपेड सिम तिकडे चालत नाहीत, पोस्टपेड लागतं, आणि तेही मनाली-लेह रस्त्यावर मोठ्या पट्ट्यात निरुपयोगी. ऑफलाइन नकाशा फोनमध्ये असला तरी उन्हात फोन तापून स्क्रीन मंद होतो, पावसात टच वेडावतो, ग्लोव्हज घालून झूम होत नाही. शिवाय मोटरसायकलच्या इंजिनाच्या थरथरीने फोनच्या कॅमेऱ्यातली स्थिर ठेवणारी यंत्रणा खराब होऊ शकते असं ॲपलने स्वतः २०२१ मध्ये जाहीर केलंय, तेव्हा महागडा फोन हँडलला टांगून हजारो किलोमीटर जायचं का हे ज्याचं त्याने ठरवावं. फोन खिशात बॅकअप म्हणून हवाच, त्याबद्दल वाद नाही. पण चांगलं यंत्र हातात आलंय तर ते नीट तयार करूनच न्यावं.

आता गोदाकाठ, तुमच्या शंका एकेक करून घेतो, जरा लांबेल.

परवानगीचं आधी सांगतो म्हणजे घरच्यांचा जीव भांड्यात पडेल. झुमो नुसता सिग्नल घेतो, उपग्रहाकडे काही पाठवत नाही. असा रिसीव्हर बाळगायला परवाना लागत नाही, तुमच्या फोनमध्ये पण तोच आहे. ज्या बातम्या येतात त्या उपग्रहाद्वारे मेसेज पाठवणाऱ्या यंत्रांच्या आहेत, गार्मिनचं इनरीच वगैरे, आणि सॅटेलाइट फोनच्या. ती परवान्याशिवाय इथे चालत नाहीत, आणि लडाखसारख्या सीमेच्या भागात तर अजिबात नेऊ नका, भावाने प्रेमाने पाठवलं तरी नको.

एलएम म्हणजे लाइफटाइम मॅप्स बरोबर, पण ज्या प्रदेशाचा नकाशा यंत्रासोबत आला त्याच प्रदेशाचे. तुमचं युरोपचं आहे म्हणजे युरोपचे अपडेट फुकट येत राहतील, भारताचा त्यात नाही. आणि लाइफटाइमचा अर्थ ते यंत्र वापरण्याजोगं आहे आणि कंपनीला नकाशाचा डेटा मिळतोय तोवर, एवढाच आहे. भारताचा त्यांचा स्वतःचा नकाशा सिटी नॅव्हिगेटर इंडिया नावाने येतो. तो घेणार असाल तर दोन गोष्टी बघा. एक म्हणजे आवृत्ती कोणत्या सालची आहे, कारण जुना नकाशा महाग पैशात घेऊन उपयोग नाही. दुसरं, कार्डावरचा नकाशा त्या कार्डाशी बांधलेला असतो, म्हणजे कार्ड दुसऱ्या यंत्रात घातलं तर तिकडे चालतो, आणि डाउनलोड करून घेतलेला नकाशा एकाच यंत्राशी बांधलेला असतो. पुढे यंत्र बदलायचा विचार असेल तर हा फरक मोठा आहे. बाजारात क्रॅक केलेले नकाशे कार्डावर भरून देणारे भेटतात, त्यांच्या नादी लागू नका, आवृत्ती कुठली, भरलंय काय, कशाचाच पत्ता नसतो आणि वर चोरीचा माल.

लॅपटॉपला दिसत नाही त्याचं कारण शंभरात नव्वद वेळा केबल. घरात पडलेल्या बऱ्याच केबलींमध्ये नुसत्या चार्जिंगच्याच तारा असतात, डेटाच्या नसतातच. डेटावाली केबल घ्या, हब मध्ये न घालता थेट लॅपटॉपच्या पोर्टला लावा. झुमोच्या स्क्रीनवर कंप्युटरचं चित्र आलं की समजा जुळलं. मॅक असेल तर मात्र थोडं वेगळं, ही मॉडेलं फोनसारखी एमटीपी पद्धतीने जोडली जातात आणि मॅकला ती आपोआप ड्राइव्ह म्हणून दिसत नाहीत, विंडोजला दिसतात. अपडेट करायचा गार्मिन एक्सप्रेस हा प्रोग्राम दोन्हीकडे चालतो. ५९५ ला वाय-फाय नाही त्यामुळे कंप्युटर लागणारच, झुमो ३९६ किंवा झुमो एक्सटी असता तर घरच्या वाय-फायवर थेट अपडेट झालं असतं.

भावाला सांगा आधी त्याच्या खात्यातून हे यंत्र काढून टाक, मग तुमच्या नावाने नोंदवा.

आता क्रम. सगळ्यात आधी बॅकअप. यंत्रातल्या जीपीएक्स फोल्डरमध्ये करंट नावाची फाइल असते, त्यात सगळी साठवलेली ठिकाणं आणि रूट असतात, भावाच्या आल्प्सच्या राइडा त्यातच असतील, त्या त्याला परत पाठवा, त्याला आनंद होईल. नकाशाच्या आयएमजी फाइली पण लॅपटॉपवर कॉपी करून ठेवा. मग सॉफ्टवेअर अपडेट, म्हणजे फर्मवेअर, नकाशा त्याच्यानंतर. जुनं फर्मवेअर ठेवून नवा नकाशा घातला की नको ते त्रास होतात. यंत्र तारीख बरोबर दाखवतंय ना तेही बघा, कारण जीपीएसच्या सिग्नलमध्ये आठवड्यांचा आकडा १० बिटांचाच असतो, १०२४ आठवडे झाले की परत शून्यावर येतो, ६ एप्रिल २०१९ ला तसं झालं आणि तेव्हापासून अपडेट न केलेली काही जुनी यंत्रं जवळजवळ वीस वर्षं मागची तारीख दाखवतात. यंत्र बरेच महिने बंद होतं आणि आता दुसऱ्या खंडात आलंय, त्यामुळे पहिल्यांदा अंगणात उघड्या आभाळाखाली अर्धा तास चालू ठेवा. उपग्रहांचं पूर्ण वेळापत्रक सिग्नलमधून उतरायला साडेबारा मिनिटं लागतात, गॅलरीत छताखाली धरून यंत्र बिघडलं म्हणू नका.

जागेचा प्रश्न येणारच कारण युरोपचा नकाशाच काही जीबींचा असतो. सोपं म्हणजे भारताचा नकाशा मायक्रोएसडी कार्डावर ठेवायचा. ३२ जीबीचं चांगल्या कंपनीचं कार्ड घ्या आणि एफएटी३२ मध्ये फॉरमॅट करा. त्याहून मोठं कार्ड विंडोज आपणहून एक्सफॅट मध्ये फॉरमॅट करतं आणि मग यंत्र ते वाचेलच असं नाही. एफएटी३२ मध्ये एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी बसत नाही, पण फक्त भारताला ती मर्यादा सहसा आड येत नाही. कार्डावर गार्मिन नावाचं फोल्डर करून आयएमजी फाइल त्यात. मग यंत्राच्या सेटिंगमध्ये मायमॅप्स म्हणून यादी असते तिथे भारताच्या नकाशावर टिक करा, युरोपची काढा. एकाच भागाचे दोन नकाशे एकदम टिक असतील तर एक दुसऱ्याला झाकतो आणि रूटिंग कुठल्यावरून चाललंय तेच समजत नाही.

आणि फुकटच्या नकाशाने यंत्राला काही होत नाही. ती कार्डावरची एक फाइल असते, कार्ड काढलं की यंत्र होतं तसं. त्याबद्दल वैदर्भीताई लिहितील तर बरं, त्या स्वतः नकाशे बनवतात.

वैदर्भी
कात्रजच्या दादांनी हाक मारली म्हणून आले. मी बरीच वर्षं ओपन स्ट्रीट मॅपवर रस्ते भरते, विदर्भातले जास्त, आणि माझ्या स्वतःच्या गाडीसाठी गार्मिनचा नकाशा स्वतःच तयार करते. यंत्राची बाजू दादांनी नीट सांगितलीये, मी एकाच गोष्टीवर बोलते कारण ती कुणी सांगत नाही आणि लोक मग भलतीकडे जाऊन अडकतात.

तुम्ही नकाशा ताजा केलात की त्यात नवीन रस्ते येतात, बरोबर? आता आपल्याकडे गेल्या काही वर्षांत झालेले मोठमोठे नवीन रस्ते आठवा. समृद्धी महामार्ग, नागपूर ते शिर्डी डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला, जून २०२५ मध्ये इगतपुरी ते आमणे हा शेवटचा तुकडा जोडला जाऊन ७०१ किलोमीटर पूर्ण झाला. अटल सेतू, जानेवारी २०२४. मुंबईचा कोस्टल रोड. दिल्ली-मुंबई एक्सप्रेसवे, त्याचा सोहना-दौसा तुकडा फेब्रुवारी २०२३ मध्ये उघडला. ह्या सगळ्यांवर दुचाकीला बंदी आहे! मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर तर पहिल्यापासून आहे. म्हणजे चारचाकीवाल्याला नवा नकाशा म्हणजे निव्वळ फायदा, पण आपल्याला तो जितका ताजा तितके आपल्याला बंद असलेले रस्ते जास्त, आणि ते सगळ्यात वेगवान असल्यामुळे यंत्र पहिल्यांदा तिथेच ओढून नेतं. जुन्या नकाशात समृद्धी नव्हती तेव्हा ते मुकाट्याने आपल्याला जुन्या रस्त्याने नेत होतं.

यंत्रात मोटरसायकल निवडली की हे आपोआप टळेल असं वाटतं, तसं होत नाही. ओपन स्ट्रीट मॅपच्या मूळ डेटामध्ये दुचाकीला बंदी असं स्पष्ट लिहिता येतं, त्यासाठी वेगळा टॅग, म्हणजे रस्त्यावर लावायची नोंद, आहे आणि समृद्धीसारख्या रस्त्यांवर तो आपण मॅपर लोक लावतोच. पण तो डेटा गार्मिनच्या फाइलमध्ये बदलताना पंचाईत होते. गार्मिनच्या नकाशात रस्त्यावर कुणाला बंदी हे नोंदवायला मोटार, ट्रक, बस, टॅक्सी, सायकल, पायी, डिलिव्हरी, इमर्जन्सी असे रकाने आहेत, मोटरसायकलचा रकानाच नाही. त्यामुळे बदल करणारा एमकेजीमॅप हा प्रोग्राम ती बंदी कुठे लिहिणार? ती गळून जाते. तयार मिळणारे जवळपास सगळे फुकट नकाशे ह्याच प्रोग्रामने बनलेले असतात. विकतच्या नकाशातही तुमच्या झुमोला ही बंदी समजेलच असं धरून चालू नका.

मी काय करते ते सांगते. जिओफॅब्रिकच्या साइटवर भारताचा डेटा विभागवार मिळतो, पश्चिम विभाग, मध्य, उत्तर असा, आणि तो रोज ताजा होतो. तो उतरवते, स्प्लिटर नावाच्या प्रोग्रामने तुकडे करते आणि एमकेजीमॅपच्या नियमांच्या फाइलमध्ये एक ओळ घालते, की जिथे मोटरसायकलला बंदी असेल तिथे मोटारीलाही बंदी धर. बस्स. झुमो रूट काढताना मोटारीचा रकाना बघतो, तिथे बंदी दिसली की तो रस्ता सोडून देतो. हा नकाशा घरच्या कारमध्ये वापरायचा नाही एवढंच, तो फक्त दुचाकीचा. कंप्युटरवर जावा नावाचं सॉफ्टवेअर लागतं आणि दोनचार कमांड टाइप कराव्या लागतात, संध्याकाळभराचं काम आहे, पण एकदा जमलं की पुढच्या वेळी नुसता डेटा बदलायचा. नावांसाठी आधी इंग्रजी नाव घे आणि ते नसेल तरच मूळ नाव घे असा पर्याय द्या, नाहीतर देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हं किंवा चौकोन दिसतात.

ज्यांना एवढं करायचं नाही त्यांनी बीबीबाइकवरून किंवा ओपनटोपोमॅपवरून तयार फाइल घ्यावी, ओपनटोपोमॅपमध्ये चढउताराच्या रेषा पण असतात आणि लडाखला त्या फार कामाच्या. मग बंदीचे रस्ते हाताने टाळायला शिकवावे. झुमोमध्ये कस्टम अव्हॉइडन्स आहे, त्यात एक रस्ता किंवा एक चौकोनी भाग कायमचा टाळ असं सांगता येतं.

टोल रोड टाळा हा पर्याय मात्र लावू नका, पुष्कळ जण हा सल्ला देतात आणि तो चारचाकीचा सल्ला आहे. राष्ट्रीय महामार्गाच्या नाक्यांवर दुचाकीला टोल नाही, आपण कडेच्या लेनमधून तसेच जातो. टोल टाळायला सांगितलंत तर समृद्धी सुटेल खरी, पण त्यासोबत पुणे-सातारा, नाशिक-धुळे असे आपले हक्काचे सरळ रस्ते पण सुटतात आणि यंत्र तुम्हाला गावागावांतून फिरवतं. हायवे टाळा लावलं तर त्याहून वाईट.

फुकटच्या नकाशाच्या उणिवाही सांगते. घर नंबर, पत्ता घालून शोधलं तर बहुतेक वेळा सापडत नाही, गाव, पेट्रोल पंप, हॉटेल असं शोधायचं. लेनचं चित्र, वेगमर्यादा जवळपास नसतेच. पण गावातला कच्चा रस्ता, पुलाचा पर्याय, किल्ल्याच्या पायथ्याचा शेवटचा फाटा हे इतकं बारीक दुसऱ्या नकाशात मला तरी दिसलेलं नाही, कारण ते तिथल्याच कुणीतरी भरलेलं असतं. आणि चूक दिसली तर ती आपण दुरुस्त करू शकतो. फोनवर स्ट्रीटकंप्लीट नावाचं ॲप आहे, रस्ता डांबरी का कच्चा असे साधे प्रश्न विचारतं, चहाला थांबलात की दोन उत्तरं द्या. लडाखला जाणाऱ्या प्रत्येकाने एवढं केलं तरी पुढच्याचं किती भलं होईल.

म्युन्शेन_मराठी
इकडून एक भर. मी इथे टॉमटॉम रायडर ५५० वापरतो, ते वाय-फायवर स्वतःच नकाशा उतरवतं, पण मित्राकडे झुमो आहे आणि दोघे मिळून रूट बनवतो त्यामुळे हा अनुभव दोन्हीकडचा आहे. नकाशा बदलला की जुने साठवलेले रूट जसेच्या तसे राहतील असं धरू नका. बेसकॅम्प ह्या गार्मिनच्या रूट आखायच्या प्रोग्राममध्ये कंप्युटरवर एक नकाशा वापरून रूट आखला आणि यंत्रात वेगळी आवृत्ती असली की झुमो तो रूट आत घेताना नव्याने मोजतो, आणि मधले पॉइंट कमी असतील तर ज्या घाटासाठी निघालात तोच वगळून तुम्हाला बोगद्यातून नेतो. त्यामुळे आधी नकाशा, मग रूट. आणि रूटसोबत त्याचाच ट्रॅक पण यंत्रात ठेवा. ट्रॅक म्हणजे नुसती रेघ असते, तो कुठल्याही नकाशावर हलत नाही. रूटने काही वेगळं सांगितलं तर स्क्रीनवर रेघ दिसते आणि लगेच लक्षात येतं. हे तर लडाखला फारच गरजेचं.

गोदाकाठ_रायडर
मंडळी काय बोलू, एवढं मनापासून लिहिलंत, खूप आभार. केबलचं एकदम बरोबर निघालं, शेजारच्या काकांच्या कॅमेऱ्याची केबल लावली आणि लगेच स्क्रीनवर कंप्युटरचं चित्र आलं. भावाने खात्यातून काढलं, माझ्याकडे नोंदणी झाली, फर्मवेअर पण झालं. त्याच्या जुन्या राइडा त्याला पाठवल्या, फोन करून करून सांगत होता कुठला घाट कधी केला ते.

सध्या तयार ओपनटोपोमॅपची भारताची फाइल कार्डावर टाकलीये आणि नाशिक काय सुंदर दिसतंय हो, ब्रह्मगिरी, अंजनेरीच्या रेषा, गंगाद्वारच्या पायऱ्या सुद्धा. पण वैदर्भीताई म्हणाल्या तेच झालं, सरावासाठी नाशिक ते नागपूर लावून बघितलं तर सिन्नरच्या पुढे समृद्धीवर चढवलं, आणि कोटा ते दिल्ली लावलं तर दौशाकडून एक्सप्रेसवेवर. आता प्रश्न असा की हे टाळताना भागाचा चौकोन काढू का रस्ता निवडू? आणि दुसरं, मनालीच्या पुढे रोहतांग खिंडीवरून जायचं का अटल बोगद्यातून हे कसं ठरवायचं, मला जाताना बोगदा आणि येताना रोहतांग करायचाय. रस्त्यांच्या नंबरचा पण घोळ वाटतोय, नाशिकजवळ ६० आणि धुळ्याच्या पुढे ५२ दाखवतंय, आणि ३ नंबर लेहच्या रस्त्याला! आमचा आग्रा रोड तर ३ नंबर ना?

कात्रज_जुना_घाट
नंबर बरोबरच आहेत. २०१० मध्ये सगळ्या राष्ट्रीय महामार्गांचे नंबर बदलले. जुना ३ म्हणजे मुंबई-आग्रा, तो आता नाशिक-धुळे तुकड्यात ६० आणि धुळे-इंदूर तुकड्यात ५२ आहे. नवा ३ अटारीहून अमृतसर, मंडी, कुल्लू, मनाली करत लेहला जातो. म्हणजे तुमच्या घराजवळून गेलेला नंबर आता तुमच्या मुक्कामाच्या रस्त्याला आहे. जुने लोक अजून जुनेच नंबर सांगतात, कोकणात विचारा, ६६ ला सगळे १७ च म्हणतात, तेव्हा वाटेत कुणी रस्ता सांगितला तर नंबरापेक्षा गावांची नावं विचारा. यंत्रात शोधताना शहरांचीही दोन्ही नावं टाकून बघायची सवय ठेवा, संभाजीनगर नाही सापडलं तर औरंगाबाद, धाराशिव नाही तर उस्मानाबाद, नकाशा किती ताजा त्यावर ते ठरतं.

अटल बोगदा ऑक्टोबर २०२० मध्ये सुरू झाला, ९.०२ किलोमीटर, मनाली-लेह अंतर ४६ किलोमीटरने कमी झालं, आणि दुचाकीला मुभा आहे, ही त्यातली चांगली गोष्ट. ताज्या नकाशात यंत्र बोगद्यानेच नेईल. येताना रोहतांग हवा असेल तर खिंडीवरच एक थांबा घाला, ३,९७८ मीटर उंचीवर आहे, नकाशावर लगेच सापडेल, आणि त्यासाठी परमिट लागतं ते आधी बघून ठेवा. बोगद्यात सिग्नल जातो, बाहेर सिस्सूच्या बाजूला आलात की परत पकडतो, तेव्हा तोंडाशी थांबून खटपट करू नका, मागून गाड्या येत असतात.

वैदर्भी
गोदाकाठ, रस्ता निवडा, चौकोन नको. समृद्धी ठिकठिकाणी जुन्या रस्त्यांना खेटून जाते किंवा वरून ओलांडते, चौकोन काढला की तुमचा सिन्नर-शिर्डी रस्ता पण त्यात येईल. खंडाळ्याच्या बाजूला तर जुना हायवे आणि एक्सप्रेसवे इतके जवळ आहेत की चौकोन काढणं शक्यच नाही. रस्ता निवडताना नकाशा भरपूर मोठा करून घ्या आणि चढायच्या रॅम्पजवळचे तुकडे टाळा म्हणून सांगा, सगळे ७०१ किलोमीटर टाळायची गरज नाही. ज्या ज्या इंटरचेंजवरून यंत्र चढवू बघतं तो रॅम्प बंद केला की ते पुढचा शोधतं, तो पण बंद करा, चारदोन रॅम्पनंतर ते मुकाट्याने जुन्या रस्त्यावर येतं. सिन्नर, शिर्डी, आणि दिल्लीच्या बाजूला लालसोट, दौसा एवढे केलेत तरी तुमच्या वाटेपुरतं भागेल. कोट्याहून टोंक, जयपूर असा सरळ ५२ धरला आणि जयपूरला थांबा घातला तर एक्सप्रेसवेचा प्रश्न निम्मा तसाच सुटतो. आणि पुढच्या वेळी नकाशा बदललात की ही टाळायची यादी परत तपासा, नव्या फाइलमध्ये जुनी खूण त्याच तुकड्यावर बसेल ह्याची खात्री नसते.

तुम्हाला चालणार असेल तर मी दुचाकीबंदीची ओळ घालून पश्चिम, मध्य आणि उत्तर विभागाचा नकाशा करून देते, जून उजाडला की त्या आठवड्याचा ताजा डेटा घेऊन. तोवर आत्ताच्या फाइलवर सराव करा, नवीन फाइल निघायच्या आदल्या रात्री टाकायची नाही, आठवडाभर आधी टाकून घोटीपर्यंत तरी एक चक्कर मारायची.

म्युन्शेन_मराठी
वैदर्भीताई, ती नियमांची फाइल इथे पण टाका ना. इकडे आवाजामुळे काही रस्ते सुट्टीच्या दिवशी फक्त मोटरसायकलला बंद करतात, तिथेही हीच युक्ती लागू पडेल असं वाटतंय.

वैदर्भी
टाकते. वेळेनुसार असलेली बंदी मात्र त्यात येणार नाही, ती वेगळ्या टॅगमध्ये असते आणि सरसकट लावली तर तो रस्ता तुम्हाला कायमचाच बंद दिसेल. कायमच्या बंदीपुरती ही ओळ वापरा, बाकीचे रस्ते हाताने.

गोदाकाठ_रायडर
ताई नक्की चालेल, आणि फक्त नाशिकचे आम्ही पाच-सहा जण तरी वापरू, समृद्धी आमच्या दारातूनच गेलीये. रॅम्प बंद करून बघितले, आता नागपूर लावलं तर शिर्डी, संभाजीनगर, जालना असं जुन्या रस्त्याने दाखवतंय. जयपूरचा थांबा पण घातला. मनालीच्या पुढच्या तांडी गावच्या पेट्रोल पंपाची खूण करून ठेवलीये. मनाली ते लेह कुणाकडे जुना ट्रॅक असेल तर द्याल का, म्युन्शेनवाले म्हणाले तसं रेघ म्हणून ठेवतो.

कात्रज_जुना_घाट
माझ्याकडे आहे, बोगदा सुरू झाल्यानंतरचा. जिस्पा, सरचू, पांग, उपशी असा. व्यक्तिगत निरोपात पाठवतो. त्यात मी थांबलो तिथले पाण्याचे ओढे आणि टायरवाले पण खूण करून ठेवलेत, ओढ्यांच्या जागा दरवर्षी बदलतात तेव्हा त्यावर विसंबू नका, टायरवाले मात्र विचारत विचारत गेलात तर सापडतील. फाइल जीपीएक्स फोल्डरमध्ये टाका आणि ट्रॅकचा रंग बदलून जांभळा करा, रूटच्या रंगात मिसळला की उन्हात दिसत नाही.